विश्रामस्थान आणि वसतिस्थान : माथेरान व वागळे इस्टेट यांचा तौलनिक विचार

एखादे स्थळ राहावयास चांगले आहे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रुचीचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र तो निराळ्या रूपाने उभा राहतो. ‘चांगले’ हे कोणासाठी, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत आणि कोणाच्या श्रमांवर, असे तीन पोटप्रश्न त्यात दडलेले असतात. उन्हाळी सुट्टीत जेथे माणसांची रीघ लागते, त्या थंड हवेच्या ठिकाणांविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक मजकूर पाहुण्यांनी पाहुण्यांसाठी लिहिलेला आहे. तेथे बारमाही राहणाऱ्यांचे मत त्यात क्वचितच आढळते. माथेरानच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करता येतो. आणि त्याची तुलना ठाण्याच्या वागळे इस्टेटशी केल्यास काही उपयुक्त निष्कर्ष हाती लागतात. ही तुलना प्रथमदर्शनी विचित्र भासेल, कारण वागळे इस्टेटमध्ये सुट्टी घालविण्यास कोणी जात नाही. परंतु तुलनेचे प्रयोजन नेमके तेच आहे.

१

माथेरानचा अर्वाचीन इतिहास ठाण्यापासून सुरू होतो. इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाणे जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर गेले. सुमारे आठशे मीटर उंचीचे, दाट झाडीचे ते पठार त्यांना इतके आवडले की पुढे त्यांनी तेथे स्वतःसाठी घर बांधले. या प्रसंगाला ‘माथेरानचा शोध’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो शब्द जपून वापरावयास हवा. ठाकूर, कातकरी व धनगर यांचा या डोंगराशी संबंध मॅलेट यांच्या पुष्कळ आधीपासूनचा होता. पठारावर चढणाऱ्या वाटा, पाण्याच्या जागा आणि रानातील फळे त्यांना ठाऊक होती. मॅलेट यांना डोंगर सापडला नाही. त्या डोंगराचा एक नवा उपयोग सापडला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

हा नवा उपयोग म्हणजे मुंबईच्या उकाड्यापासून काही आठवड्यांपुरती सुटका. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या स्थळास आश्रय दिला आणि त्याची प्रतिष्ठा वाढली. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. या मार्गावरील नेरळ हे माथेरानचे प्रवेशद्वार झाले. युरोपीय अधिकाऱ्यांमागोमाग मुंबईचे पारशी, बोहरी व गुजराती धनिक आले आणि झाडीत त्यांचे बंगले उभे राहिले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटियरमध्ये माथेरानचे सविस्तर वर्णन आहे व ते ठाणे जिल्ह्याच्या खंडात आहे. त्या काळी हा डोंगर ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. आज तो रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे गाव शेतीतून, बाजारपेठेतून किंवा एखाद्या देवस्थानातून वाढलेले नाही. ते हंगामासाठी वसविले गेले. आधी बंगला, मग बंगल्याचा माळी, पाणक्या, हमाल व दुकानदार, असा त्याच्या वस्तीचा क्रम आहे. सामान्य गावात वस्ती आधी असते आणि पाहुणा मागाहून येतो. माथेरानात पाहुणा आधी आला आणि रहिवासी त्याच्या पाठोपाठ आला.

२

या उलट्या क्रमाचे परिणाम प्रथम पाण्याच्या बाबतीत दिसतात. माथेरानवर वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो. जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावरून ते पाणी चोहोबाजूंनी दऱ्यांत उतरते. पिसारनाथाजवळचा ओहोळ अडवून केलेला शार्लोट तलाव हा गावाचा मुख्य आधार. परंतु ज्या महिन्यांत पाणी सर्वांत कमी, नेमक्या त्याच महिन्यांत पाहुणे सर्वांत अधिक, अशी येथील स्थिती आहे. तलाव पुरेनासा झाल्यावर नेरळच्या बाजूने उल्हास नदीचे पाणी पंपांनी वर चढवावे लागले. जे पाणी एकदा आपसूक खाली गेले, तेच पैसे खर्चून पुन्हा वर आणावयाचे, हा व्यवहार पाहुण्याच्या लक्षात येत नाही. रहिवाशाला त्याची आठवण देयक भरताना होते.

पावसाळ्याचेही तसेच आहे. महाबळेश्वरात जुन्या काळी पावसाळ्यापूर्वी घरांभोवती कुलूम गवताचे झाप बांधीत, बंगले बंद करीत आणि मालक खाली उतरत. माथेरानच्या बंगलेवाल्यांचाही शिरस्ता पावसाआधी डोंगर सोडण्याचाच होता. मागे उरत ते ज्यांना उतरण्यासाठी दुसरे घर नव्हते ते, आणि रिकाम्या बंगल्यांचे राखणदार. दमट भिंती, बुरसटलेले धान्य आणि मिळकतीचे बंद झालेले दार, हे त्यांच्या वाट्याचे माथेरान होते. अलीकडे पावसाळ्यातही शनिवार-रविवारी तरुणांची गर्दी होऊ लागली आहे, तरी हंगामी अर्थव्यवहाराचे मूळ स्वरूप त्याने बदललेले नाही.

३

दळणवळणाचा इतिहास याच दिशेने बोट दाखवितो. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये नेरळ-माथेरान हलक्या लोहमार्गाचे काम हाती घेतले आणि १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. दोन फुटी रुंदीचा, सुमारे एकवीस किलोमीटर लांबीचा, नागमोडी वळणांनी चढणारा हा मार्ग अभियांत्रिकीच्या दृष्टीने कौतुकास्पद आहे यात शंका नाही. परंतु नेरळहून सुटणारी ही गाडी पावसाळ्यात बंद ठेवण्याची रीत आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तेव्हा तो पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. ज्या गावाची गाडी पावसाळ्यात थांबते, त्या गावात ती रहिवाशासाठी काढलेली नाही, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

गावात मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्याशी वाहने थांबतात. पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जावयाचे. लाल मातीच्या शांत वाटा हे माथेरानचे सर्वांत मोठे आकर्षण होय. त्याच वाटांवरून रहिवाशाचा गॅसचा सिलिंडर, तांदळाचे पोते आणि घरबांधणीची वीट हमालाच्या डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून येते व वाहतुकीच्या मजुरीने तिची किंमत वाढते. रुग्णवाहिकेचा अपवाद असला तरी अवघड दुखण्यासाठी डोंगर उतरावाच लागतो. पाहुण्यास जी शांतता वाटते, तीच रहिवाशास अंतर वाटते.

४

या वस्तीतील माणसांचा इतिहास लिहावयाचा तर विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांच्या नावास प्रथम स्थान द्यावे लागेल. भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. पाहुण्यांच्या सेवेवर जगणाऱ्या वर्गातील हा मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेला, कायद्याचा पदवीधर झाला, आणि परत येऊन माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्यांत व आदिवासींत त्यांनी शाळांचे व धान्यपुरवठ्याचे काम केले. १९४२ च्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे त्यांनी नेतृत्व केले आणि २ जानेवारी १९४३ रोजी ठाणे जिल्ह्यातील सिद्धगडाच्या रानात ते पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्यासमवेत हिराजी पाटील यांनाही वीरमरण आले.

या चरित्राचा येथे उल्लेख केवळ गौरवासाठी नाही. माथेरानच्या पर्यटनपर वाङ्मयात जी स्थळनामे येतात, त्यांतील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची स्मृती जपतात. परंतु डोंगराचा माथा आणि पायथा ही दोन भिन्न जगे नाहीत, हे ज्याने आपल्या कार्याने दाखविले, तो माणूस येथील रहिवासी होता. रहिवासी म्हणून विचार केला की माथेरानची सीमा नेरळ-कर्जतपर्यंत वाढते. पाहुणा म्हणून केला की ती कड्याशी संपते.

५

सर्वच विश्रामस्थाने राहण्यास गैरसोयीची ठरली, असे मात्र नाही. पाचगणी हे गाव जॉन चेसन यांच्या प्रयत्नांनी वाढले, तेच मुळी बारमाही वस्तीच्या हेतूने. महाबळेश्वरापासून ते थोड्याच कोसांवर पूर्वेस असले तरी तेथे पाऊस पुष्कळच कमी, म्हणून पावसाळ्यातही राहता येते. पुढे निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आले, आणि गावास हंगामाबाहेरचा उद्योग मिळाला. लोणावळ्याचे कारण वेगळे आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला आणि लोणावळे रेल्वे नोकरांचे गाव झाले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, त्यास लागणारे पाणी लोणावळ्याच्या आसमंतातील तलावांचे होते. १९४५ मध्ये नौदलाची शिवाजी ही प्रशिक्षणसंस्था आली. पाऊस लोणावळ्यातही मुसळधारच पडतो. तरीही ते शहर झाले, कारण तेथे पाहुण्यांवाचूनही चालणारी कामे होती. यावरून हवामानापेक्षा बारमाही रोजगार हा अधिक निर्णायक घटक होय, असे दिसते.

६

आता वागळे इस्टेटकडे वळता येईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याचे पहिले औद्योगिक क्षेत्र म्हणून ठाण्याची वागळे इस्टेट ओळखली जाते. येथे ‘शोध’ लावण्यास कोणी डोंगर चढले नाही. क्रमांक घातलेले रस्ते, कारखान्यांची कौलारू व पत्र्याची छपरे, मुलुंड चेक नाक्यापर्यंतची मालमोटारींची रांग, असे या परिसराचे रूप होते. हवा, दृश्य आणि शांतता या तिन्ही कसोट्यांवर त्याचा निकाल प्रतिकूलच लागला असता. तरीही कोकणातून, घाटावरून आणि परप्रांतांतून माणसे आली, किसननगरासारख्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या, आणि पुढे अनेक कारखाने बंद पडून त्यांच्या जागी संगणक व्यवसायाच्या कचेऱ्या आल्यावरही लोक तेथून उठून गेले नाहीत. काम बदलले तरी कामाची शक्यता संपली नाही. शाळा, दवाखाना व आगगाडी हाताशी राहिली.

जनगणनेचे आकडे या बाबतीत बोलके आहेत. माथेरानची लोकसंख्या २००१ मध्ये ५,१३९ होती, ती २०११ मध्ये ४,३९३ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे साडेचौदा टक्क्यांनी घटली. त्याच दशकात ठाणे शहर साडेबारा लाखांवरून अठरा लाखांवर गेले. जनगणनेची गणती मार्चच्या आरंभाची असते. उन्हाळी हंगामासाठी वर येणारे मजूर तीत पुरते येत नाहीत, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि दोन्ही गणत्या एकाच ऋतूतील असल्यामुळे घट ही खरीच ठरते.

याचा अर्थ वागळे इस्टेट हे उत्तम वसतिस्थान आहे असा करणे चूक होईल. तेथील मोडकळीस आलेल्या इमारतींचा व अरुंद गल्ल्यांचा प्रश्न इतका गंभीर झाला की किसननगरच्या समूह पुनर्विकासाची योजना हाती घ्यावी लागली. रोजगारामुळे माणूस येतो. तो सुखाने राहतो किंवा नाही हे नगररचनेवर अवलंबून असते. माथेरानात हवा आहे, काम नाही. वागळे इस्टेटमध्ये काम आहे, मोकळी हवा नाही. पर्यटकाची निवड पहिल्या गुणावर होते, रहिवाशाची दुसऱ्यावर. आणि ज्याला निवडच नाही, तो दोन्हींची उणीव सोसतो.

७

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान व त्याभोवतीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. वन राखले जावे हे निर्विवाद. पठारावरील झाडी गेली तर पाणी जाईल आणि पाणी गेले तर वस्तीही राहणार नाही. परंतु निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वाढत्या कुटुंबासाठी एक खोली वाढविणारा रहिवासी आणि उपाहारगृहाचा मजला चढविणारा व्यावसायिक यांच्या गरजा एकाच मापाने मोजता येत नाहीत.

हातरिक्षेचा वाद या दृष्टीने उद्बोधक आहे. माणसाने माणसास ओढावे ही प्रथा वाहनबंदीच्या आडोशाने टिकून राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रायोगिक रीतीने सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश दिला. घोडेवाल्यांना नव्या रिक्षांमुळे आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती वाटली. शाळकरी मुले व वृद्ध यांची मात्र सोय होणार होती. मॅलेट यांच्या चढाईनंतर पावणेदोनशे वर्षांनी या डोंगरावरील वाहतुकीचा विचार पाहुण्यांच्या सोयीपलीकडे जाऊन, ओझे ओढणाऱ्याच्या बाजूने झाला, हे या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

तेव्हा उन्हाळी विश्रामस्थान राहावयास चांगले असते काय, या प्रश्नाचे उत्तर स्थळाच्या हवेवरून देता येत नाही. पाहुणे नसतानाच्या महिन्यांत तेथे काम मिळते काय, उन्हाळ्यात रहिवाशाच्या घरी पाणी येते काय, आणि गावाचे नियम करताना बारमाही राहणाऱ्याचे म्हणणे विचारले जाते काय, या तीन कसोट्या लावाव्या लागतात. पाचगणी व लोणावळे पहिल्या कसोटीस बऱ्याच अंशी उतरली. माथेरान अद्याप तिन्हींपुढे उभे आहे, आणि त्याचा निकाल मे महिन्यातील गर्दीवरून नव्हे, तर जुलै महिन्यात तेथे किती चुली पेटतात यावरून लागेल.