मिरजगावातून मेलबर्न

फेब्रुवारी १९८१. तुम्ही मिरजगावात आहात, वय बारा. काल दिवसभर शाळू उपटून बोटांना चिरा पडल्यात, त्यामुळे गरम चहाचा कप धरवत नाही. नगर-सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलात बाकड्याच्या टोकाला गुरुजी बसलेत. मांडीवर चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, कव्हराला भोकं पडलेली, आतले सेल कालच उन्हात तापवून घेतलेले. शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया लागलंय. आवाज जवळ येतो, पुन्हा लांब जातो, मग नुसती खरखर. गुरुजी एरियल रस्त्याकडे वळवतात.

इंग्रजी तुम्हाला कळत नाही. मधेच ‘गावस्कर’ ऐकू आलं की कान टवकारतात, एवढंच. बाकीचं गुरुजी मराठीत सांगतात. आवाज गेला की ते दहा वर्षांपूर्वीच्या वेस्ट इंडीजला जाऊन येतात : गावस्करचा पहिलाच दौरा, चार कसोट्या, ७७४ धावा. शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे होतात, पण गुरुजी असे सांगतात की जणू तुम्हीही तिथं होतात.

आज मेलबर्नला चौहानबरोबर त्याची जोडी जमलीय. १६५ झाल्यात. अचानक रेडिओतला गलका वाढतो.

“येल्बी दिला,” गुरुजी पुटपुटतात. गोलंदाज लिली. बॅटची कड लागली होती, असं गावस्करचं म्हणणं. लिली पॅडकडे बोट दाखवतो, काहीतरी बोलतो. आणि सत्तर धावांवर बाद झालेला गावस्कर एकटा परतत नाही. चौहानलाही सोबत घेऊन निघतो.

“म्हंजी काय वो, गुरुजी?”

“म्हंजे मॅच सोडली!” गुरुजी रेडिओ तोंडाजवळ धरतात आणि वर्गात ओरडतात तसे ओरडतात, “सुनील, मागं फिर की!”

कपबशा विसळणारा पोरगा थांबतो. चौहाननं सीमारेषा ओलांडली असती तर सामना हातचा गेला असता. पण व्यवस्थापक दुर्राणी सीमेवरच उभे असतात. चौहानला थांबवतात, वेंगसरकरला आत पाठवतात. पुढं त्याच मैदानावर कपिलदेव २८ धावांत पाच बळी घेतो, ऑस्ट्रेलिया ८३त गारद, आपण ५९ धावांनी जिंकतो. गुरुजी सगळ्यांना चहा पाजतात, पण आदल्या दिवशीचा विषय काढू देत नाहीत.

आता ७ मार्च १९८७. तुम्ही अठराचे. दुसऱ्याच्या ओसरीत, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढं. मोटेऱ्यात गावस्करची एक धाव निघते, दहा हजार पुऱ्या होतात. कसोटीत इथवर कुणीच आलेलं नव्हतं. माणसं मैदानात धावतात, खेळ थांबतो. त्याच वर्षी तो बॅट ठेवतो आणि पुढं माइक धरतो. आजवर दुसरे त्याच्याविषयी सांगायचे. आता दुसऱ्यांविषयी तो सांगू लागतो.

२८ डिसेंबर २०२४. पुन्हा मेलबर्न, पुन्हा पहाट. तुम्ही पंचावन्नचे. अंगावर घोंगडी, शेजारी नातू, हातात त्याचा मोबाइल. ऋषभ पंत खाली पडत पडत फाइन लेगकडे चेंडू उडवायला जातो. आधीचाच फटका हुकून चेंडू अंगावर बसलेला, तरी पुन्हा तेच. कड लागते आणि मागं डीप थर्डला लायन झेल घेतो. थोड्या वेळानं नातू एक क्लिप लावतो. ऑस्ट्रेलियन रेडिओवरचा आवाज : “स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड!” याला आपल्या ड्रेसिंग रूममध्ये घेऊ नका, दुसऱ्यांच्यात जाऊ दे, असंही म्हणतो.

आवाज तुम्ही लगेच ओळखता. या वेळी एरियल वळवावी लागत नाही.

“आजोबा, एवढे का चिडलेत हे?”

तुम्ही त्याला त्रेचाळीस वर्षांपूर्वीची तीच ड्रेसिंग रूमची वाट सांगता. आपल्याबरोबर जोडीदारालाही घेऊन निघालेला कप्तान, सीमेवर उभे राहिलेले व्यवस्थापक. नंतर त्याचं त्यालाच वाईट वाटलं, तसं त्यानं जाहीर बोलूनही दाखवलं, हेही सांगता. रागाच्या भरात एक पाऊल कुठवर नेतं, हे त्या मैदानावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

नातू विचार करतो. “मग तेव्हा त्यांना कुणी ओरडलं नाही?”

“ओरडलं की,” तुम्ही म्हणता. “मिरजगावातून.”