चंडीगड खुर्ची

पंजाबच्या नव्या राजधानीतील कचेऱ्या, न्यायालये, वाचनालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी १९५०च्या दशकापासून घडवलेल्या लाकडी खुर्च्यांचे रूढ नाव. फाळणीत जुनी राजधानी लाहोर गेले, नवे शहर वसवावे लागले, आणि त्यात काम करणाऱ्यांना बसायला हजारो खुर्च्या लागल्या. शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्ब्युझ्ये याचा चुलतभाऊ प्येर जानरे हा या कामाचा मुख्य सूत्रधार. इतर कामे सांभाळून ल कॉर्ब्युझ्ये येऊन-जाऊन असे; जानरे मात्र १९६५ पर्यंत तिथेच राहिला. १९६७ साली जिनीव्हात त्याचे निधन झाले आणि त्याच्या इच्छेनुसार रक्षा चंडीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. उर्मिला यूली चौधरी, जीत मल्होत्रा या भारतीय वास्तुकारांचाही या फर्निचरच्या घडणीत वाटा होता. लिलावाच्या यादीत मात्र बहुधा एकट्या जानरेचे नाव छापले जाते, आणि हा अन्याय आहे.

उलट्या ‘व्ही’सारखे पाय, सागवानाचा किंवा शिसवीचा सांगाडा, वेताची जाळीदार बैठक ही या खुर्चीची ओळख. उन्हाळ्यात जाळीतून वारा खेळतो, वेत तुटला तर तेवढाच नव्याने विणता येतो. आराखडे एकाच विभागातून निघत, पण खुर्च्या अनेक स्थानिक कारखान्यांत सुतार हाताने घडवीत. म्हणून एकाच प्रकारच्या दोन अस्सल खुर्च्यांतही मापाचा, जाडीचा फरक सापडतो. तो दोष मानू नये. हाताचे काम असेच असते.

पुढे कचेऱ्यांत लोखंडी व प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर, आवारांत ढिगाने पडल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या. पॅरिसच्या काही व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, प्रदर्शनांत मांडल्या. तेथून युरोप-अमेरिकेच्या लिलावांत एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागले. हा प्रवास एमी सीगल यांनी ‘प्रॉव्हेनन्स’ (२०१३) या चित्रपटात विक्रीपासून मागे मागे जात चंडीगडपर्यंत दाखवला आहे.

मोलाची पारख. संग्राहक प्रथम शोधतो तो खुर्चीवर रंगवलेला खात्याचा संक्षेप आणि अनुक्रमांक. ती सरकारी दप्तराची खूण. खुर्ची कोणत्या कचेरीत, कोणत्या संस्थेत होती ते तिच्यावरून कळते. त्याखालोखाल लिलावाची पावती, हातांवरची झीज, सांध्यांची जुनी घडण. लाकूड जुने आहे एवढ्यावर विसंबणे धोक्याचे. पाडलेल्या घरांचे जुने सागवान भारतात सहज मिळते, त्यातून कालची खुर्चीही साठ वर्षांची भासवता येते, आणि अंक रंगवणे तर त्याहून सोपे. काही खुर्च्यांत मूळचा एखादाच पाय उरलेला असतो. दुरुस्ती करताना सगळे लाकूड घासून चकचकीत केले की खूणही जाते आणि वापराचा इतिहासही. अशा खुर्चीला अस्सल म्हणताना जाणकार थबकतात.

पुनर्निर्मिती. इटलीच्या कॅसिना कंपनीने २०१९ मध्ये जानरेला अभिवादन म्हणून या घराण्यातील फर्निचर बाजारात आणले. बंगळुरूची फँटम हँड्स ही संस्था तेच आकार कारागिरांकडून हाताने घडवून घेते. घडवणाऱ्याचे नाव उघड सांगणारी अशी खुर्ची बसायला मूळ खुर्चीइतकीच चांगली असू शकते आणि तिच्यात फसवणूक नाही. संग्राह्य मूल्य मात्र तिला नाही, कारण ती कोणत्याही कचेरीत झिजलेली नाही. खरा घात करते ती जुनी म्हणून विकलेली नक्कल.

संरक्षण. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली चंडीगडच्या वारसावस्तूंच्या विक्रीला व निर्यातीला मनाई केली. शहरातील अशा १२,७९३ वस्तूंची नोंद आहे. आधी बाहेर गेलेल्या खुर्च्यांचे लिलाव परदेशांत चालूच राहिले. १९७२चा पुरावशेष कायदाही येथे अपुरा पडतो. त्याला अशा वस्तूचे वय किमान शंभर वर्षे लागते, आणि १९५६ साली घडवलेली खुर्ची त्या वयाला २०५६ मध्ये पोहोचेल.