फुटली की फोडली?

सातवीत असताना मी मारलेला चेंडू वर्गाच्या खिडकीवर बसला. इंग्रजीचे सर आले, तुकडे पाहिले आणि म्हणाले, "काय झालं रे?" मी म्हटलं, "सर, काच फुटली." सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली : 'द ग्लास ब्रोक' आणि 'आय ब्रोक द ग्लास'. मग म्हणाले, "इंग्रजीत दोन्हीकडे 'ब्रोक'च आहे. मराठीत मात्र दोन वेगळी क्रियापदं आहेत. त्यातलं तुझं कुठलं?" अकर्मक आणि सकर्मक यांतला फरक मी त्या दिवशी शिकलो, तो आजतागायत विसरलेलो नाही.

सरांची कसोटी सोपी होती. क्रियापदाला 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारायचं. 'ती वाचते.' काय वाचते? पुस्तक. म्हणजे सकर्मक. 'तो झोपतो.' काय झोपतो? उत्तर नाही, म्हणजे अकर्मक. 'तो घरी गेला' इथे मुलं फसत. 'घरी' हे 'कुठे?'चं उत्तर आहे, 'काय?'चं नव्हे.

संध्याकाळी अब्बांना सांगितलं. ते उर्दू शाळेत शिकलेले. म्हणाले, "आमच्याकडे यालाच लाजिम आणि मुतअद्दी म्हणतात." लाजिम म्हणजे चिकटून राहणारं, क्रिया करणाऱ्यापाशीच थांबते. मुतअद्दी म्हणजे ओलांडून पलीकडे जाणारं. पुढे कळलं, की इंग्रजीतला 'ट्रान्झिटिव्ह' हा शब्दही 'ओलांडून जाणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलेला आहे. अरबी आणि लॅटिन व्याकरणकारांना एकच चित्र दिसावं, याची मला गंमत वाटते. संस्कृत परंपरेने मात्र वेगळा प्रश्न विचारला. पाणिनीच्या लेखी कर्म म्हणजे कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वाधिक हवं असतं ते. ते जिथे असतं, ते सकर्मक.

या दोन वाटा मराठीत जिथे भेटल्या, त्या जागेचा धागा आमच्या वसईला येऊन मिळतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात तर्खड नावाचं गाव आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं घराणं मूळ इथलं. त्यांचा जन्म मुंबईत, १८१४ सालचा. १८३६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं. त्याआधी १८०५ साली विल्यम केरीने मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते इंग्रजीत. दादोबांचं पुस्तक मराठी मुलांसाठी, मराठीतच होतं. त्यांच्यापुढे एकीकडे संस्कृत परंपरा आणि दुसरीकडे लिंडले मरे यांचं त्या काळी गाजलेलं इंग्रजी व्याकरण होतं. मरे अकर्मक क्रियापदाला 'न्यूटर' म्हणत. आमच्या पिढीने जिच्यावर इंग्रजी गिरवलं, ती भाषांतर पाठमालाही तर्खडकर आडनावाचीच.

पण मराठी क्रियापद इंग्रजी साच्यात बसत नाही. 'मुलगा पडला, मुलगी पडली' इथे क्रियापद पडणाऱ्याकडे पाहतं. 'मुलाने आंबा पाडला, मुलाने कैरी पाडली' इथे पाडणारा तोच, तरी क्रियापद बदललं. कारण आता ते आंब्याकडे आणि कैरीकडे पाहतं. इंग्रजीत हा बदल नाही. म्हणून आपल्याकडे कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग शिकावे लागतात. त्यातही 'तो धडा शिकला' हे वाक्य आहेच : कर्म आहे, पण क्रियापद कर्त्यामागे चालतं. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या प्रयोगांची विस्ताराने चर्चा केली, ती उगाच नव्हे.

हे सगळं परीक्षेपुरतं, असं वाटेल. पण आमच्या गावाचा इतिहास वाचून पाहा. '१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली.' गेली कशी? गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने ती दिली. '१७३९ मध्ये किल्ला पडला.' चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. '१८०२ साली वसईचा तह झाला.' तो दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केला. गेली, पडला, झाला ही क्रियापदं खोटं बोलत नाहीत. पण करणाऱ्याचं नाव विचारल्याशिवाय ती सांगतही नाहीत.

आजही तेच. वसई-विरारमध्ये चार माणसं बसली की म्हणतात : वाड्या गेल्या, झाडं तुटली, विहिरी बुजल्या, इमारती उभ्या राहिल्या. जणू सगळं आपोआप घडलं. मीही वर्षानुवर्षं 'आमची वाडी गेली' असंच सांगत आलो. परवा नातवाने विचारलं, "दादा, कुठे गेली?" आणि मला फळा आठवला. वाडी कुठेही गेली नाही. जमीन तिथेच आहे. केळी आम्ही काढल्या, विहीर आम्ही बुजवली, वाडी आम्ही विकली. अब्बा गेल्यावर कागदावर सही मी केली. गरज होती, हेही खरं. पण गरज हे कारण झालं, कर्ता नव्हे.

नातवाला मी एवढंच म्हटलं, "गेली नाही रे, मी विकली." त्याला त्यातलं व्याकरण कळलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी फळ्यासमोर मला द्यायला जमलं नव्हतं, ते उत्तर मात्र त्या दिवशी दिलं गेलं. नाही, चुकलो. मी दिलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)