दूरस्थ आज्ञा आणि वारणा खोरे : संगणक-जाळ्याच्या इतिहासातील एक प्रकरण

वारणा नदी बहुतांशी कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते आणि सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. तिच्या उत्तरेकडील शिराळा व वाळवा हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा करण्यात आला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या खोऱ्याचा इतिहास सहसा ऊस, दूध व सहकार या अंगांनी लिहिला जातो. परंतु एका ठिकाणी बसून दूरच्या यंत्राकडून काम करवून घेणे, या संगणकशास्त्रातील प्रश्नाच्या इतिहासातही त्यास स्थान आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाचा विचार केला आहे.

दूरच्या संगणकावर थेट आज्ञा चालविण्याची सोय सर्वत्र रूढ झाली ती 1983 मध्ये बर्कले येथील विद्यापीठाने प्रसृत केलेल्या युनिक्स प्रणालीच्या 4.2 या आवृत्तीपासून. तीत 'आरएसएच' म्हणजे दूरस्थ शेल हा कार्यक्रम होता. वापरणाऱ्याने आपल्या यंत्रावर एक ओळ लिहावयाची, ती दुसऱ्या यंत्रावर चालावयाची आणि उत्तर पुन्हा आपल्या पडद्यावर यावयाचे, अशी ही योजना होती. तिचा पाया विश्वास हा होता. कोणत्या यंत्रावरून येणारी आज्ञा परवलीचा शब्द न विचारता मान्य करावयाची, याची यादी एका फाइलीत लिहून ठेवलेली असे. गावात सर्व घरे ओळखीची असताना दाराला कडी न लावण्यासारखीच ही रीत होती. नोव्हेंबर 1988 मध्ये मॉरिस वर्म या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम इंटरनेटवर पसरला, तेव्हा त्याने घेतलेल्या वाटांपैकी एक वाट याच परस्पर-विश्वासाची होती. तथापि ही रीत लगेच सुटली नाही. पुढे हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर 1995 मध्ये तेथील टाटू इलोनेन यांनी 'एसएसएच' तयार केले. त्यात संभाषण सांकेतिक रूपात जाते आणि दोन्ही बाजूंची ओळख किल्ल्यांच्या जोडीने पटविली जाते.

याच काळात आज्ञा स्वीकारणाऱ्या यंत्रांची संख्या वाढू लागली. 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी 16 साधे संगणक जोडून 'बेवुल्फ' हा समूह उभा केला. महाराष्ट्रात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 मध्ये परम 8000 आणि 1998 मध्ये परम 10000 हे महासंगणक सिद्ध केले. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातीलच 'एका' हा संगणक-समूह जागतिक क्रमवारीत चौथा आला. अशा समूहात एकेका यंत्रावर जाऊन तीच आज्ञा पुनःपुन्हा लिहिणे अशक्य होते. म्हणून एकच आज्ञा यादीतील सर्व यंत्रांकडे समांतर धाडणारी साधने निघाली. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे 'पीडीएसएच' हे त्यांपैकी एक होय. हे साधन, वेगळे सांगितले नाही तर, एका वेळी 32 यंत्रांशीच बोलते; एकाचे काम संपले की पुढच्याकडे वळते. सर्वांना एकदम हाक मारली तर हाक मारणाराच गुदमरतो, हा त्यामागील व्यवहार. या साऱ्या व्यवस्थेने गृहीत धरलेल्या गोष्टी मात्र ध्यानात घ्यावयास हव्यात : यंत्रे एकसारखी, एकाच छताखाली, अखंड विजेवर चालणारी आणि एकाच धन्याची.

वारणा खोऱ्यात यांपैकी फक्त शेवटची गोष्ट होती. 1998 मध्ये पंतप्रधानांनी माहिती तंत्रज्ञानासाठी नेमलेल्या कृतिदलाच्या काळातच 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा 50 टक्के भाग केंद्राने, 40 टक्के राज्याने व 10 टक्के वारणा सहकारी समूहाने उचलावयाचा होता. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला साखर कारखाना व त्याभोवतीच्या संस्था यांच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील, 70 सलग गावांचा त्यासाठी विचार झाला. गावोगावी संगणक-केंद्रे असावीत, ती मध्यवर्ती ठिकाणाशी जोडलेली असावीत आणि शेतकऱ्यास बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय योजना व भूमिअभिलेख गावातच पाहावयास मिळावेत, अशी ती कल्पना होती.

प्रत्यक्षात या केंद्रांचा उपयोग आकुंचित होत गेला. पुढील अभ्यासांत असे दिसले की ती मुख्यत्वे कारखान्याच्या व्यवहारापुरती उरली : ऊसनोंद, तोडणीचा परवाना, गेलेल्या उसाचे वजन, खताची उचल. हे अपयश मानण्याची प्रथा आहे. परंतु तसे मानण्यापूर्वी उसाचा व्यवहार समजून घेणे न्यायाचे ठरेल. नोंदीच्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. तोड लांबली तर फडात उभा ऊस वाळतो आणि वजन घटते. वजन घटले की बिल घटते. काट्यावर आपल्या गाडीचे किती टन भरले, हे सभासदास कळणे म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा आकडा कळणे होय. त्यामुळे पीकसल्ला मागे पडून वजन पुढे आले, यात शेतकऱ्याचे अज्ञान नसून त्याची निवड होती, असेच म्हणावे लागते.

अडचण होती ती यंत्रांची. जुने होत जाणारे संगणक, जाणारी वीज, तुटणारी दूरध्वनी जोडणी आणि देखभालीचा खर्च. समूहातील एक यंत्र बंद पडले तर उरलेली काम चालू ठेवतात. गावचे एकुलते केंद्र बंद पडले तर त्या गावापुरते सारे जाळेच बंद पडते.

या पार्श्वभूमीवर बंगलोर येथील मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राच्या राजेश वीरराघवन, नाग यशोधर व केंतारो तोयामा यांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला; त्याचा वृत्तान्त 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सात गावांत आठ महिने केंद्रातील संगणकाऐवजी मोबाइल फोन वापरण्यात आला. मध्यवर्ती संगणकास एक फोन जोडलेला असे. गावाकडून ठरावीक स्वरूपाचा लघुसंदेश आला की तो संगणक माहितीसाठ्यात शोध घेई आणि उत्तर लघुसंदेशानेच परत धाडी. संगणकाच्या केंद्रांतून होणारी सर्व कामे या पद्धतीने पार पडली. शिवाय ती स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरली, असा निष्कर्ष निघाला.

तांत्रिक दृष्ट्या हीदेखील दूरस्थ आज्ञाच होती : एक ओळ लिहावयाची, ती दूरच्या यंत्रावर चालावयाची, उत्तर हाती यावयाचे. फरक दिशेचा होता. संगणक-समूहात आज्ञा केंद्राकडून कडेकडे जाते आणि आज्ञा देणारा एकच असतो. वारणेत आज्ञा कडेकडून केंद्राकडे आली आणि यंत्र एकच असून विचारणारे अनेक झाले. मात्र या आज्ञेने विचारता येई ते उत्तर. तोडीचा क्रम तिने बदलता येत नसे. तो ठरविण्याचे काम कारखान्याच्या शेतकी विभागाकडेच राहिले.