तिसरा साचा

मुंबई, जानेवारी 1928. भोंगा होतो आणि तू गिरणीत शिरतोस. बदलीवाले फाटकाशीच ताटकळलेत. आज कुणाला घ्यायचं ते जॉबर ठरवेल. तुझं काम पक्कं आहे.

साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, एवढा खडखडाट, की माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली. सदरा पाठीला चिकटतो. कालपर्यंत तुझ्याकडे दोन साचे होते. आज तीन. ससून गटाच्या गिरण्यांत हीच नवी पद्धत सुरू झाली आहे.

एका धोट्यातली कांडी संपते. तू नवी घालतोस, धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घेतोस. जिभेवर कापसाची पूड येते. याच उष्ट्याचं निमित्त करून अस्पृश्यांना या खात्याबाहेर ठेवलंय, सूतकताईच्या रिंगखात्यातल्या कमी पगारावर. डॉ. आंबेडकर याच वर्षी तुझ्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारतील. तो जाब तुलाही आहे.

मान वर करतोस तोवर तिसऱ्या साच्यावर ताण्याचे धागे तुटलेत आणि साचा तसाच चालतोय. चांगलं हातभर कापड वाया! हा डागी माल तुझ्याच गळ्यात मारतील, पैसे पगारातून कापतील.

‘‘जपानात पोरी सहा-सहा साचे बघतात,’’ जॉबर कानाशी ओरडतो.

बघत असतील. पण तिकडे टोयोडांनी 1924 साली असा साचा काढला, की धागा तुटला तर तो आपला आपण थांबतो, धोटाही चालता चालता बदलतो. तुझ्याकडे साचे तेच, सूतही तेच कच्चं. वाढली ती फक्त तुझी धावपळ. त्यात तिघांचं काम दोघांवर आलं, म्हणजे तिसरा उद्या बदलीच्या रांगेत. दोन साच्यांवर असताना कापडावरून हात फिरवून पोत बघायला तुला सवड असायची. स्वच्छ उतरलेला ताका जोडीदाराला दाखवायचास. ते सुख मालकाच्या कुठल्याच हिशेबात नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

एप्रिलमध्ये तू संपावर जातोस, तुझ्यासोबत दीडेक लाख कामगार. मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहते. गावाकडची माणसं कोकणात, घाटावर परततात; तू परळच्या खोलीतच राहतोस, वाण्याची उधारी वाढत जाते. ऑक्टोबरमध्ये, सहा महिन्यांनी, फॉसेट चौकशी समिती नेमली जाते आणि गिरण्या सुरू होतात. मालक तिच्यापुढे दर माणशी उत्पादनाचे आकडे मांडतील. तू तुझ्या सुताची कांडी घेऊन जा. एक हात धागा त्यांच्यासमोर ओढून दाखव, किती ठिकाणी तुटतो ते.