बटणांचा प्रीपेड मोबाइल

बटणांचा प्रीपेड मोबाइल : मुख्यतः बोलण्यासाठी व लघुसंदेशांसाठी वापरला जाणारा, आगाऊ भरलेल्या पैशांवर चालणारा कमी किमतीचा मोबाइल संच. बोलीत त्याला साधा फोन, कीपॅडचा फोन किंवा डबा फोन म्हणतात. भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाइल जोडण्या प्रीपेड आहेत. दुकानात अशा फोनांची तुलना बहुतेक वेळा संचाच्या किमतीवरून होते. ती अपुरी आहे. संच कोणत्या जाळ्यावर (नेटवर्कवर) चालतो आणि नंबर वर्षभर चालू ठेवायला किती पैसे लागतात, हे आधी पाहावे. बॅटरी, आवाज, बटणे त्यानंतर.

भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. त्या काळी आलेल्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि साधा फोन सामान्यांच्या आवाक्यात आला. थोड्या पैशांच्या रिचार्जमध्ये महिना काढता येऊ लागला, ‘मिस कॉल दे’ हा निरोपाचा प्रकार रूढ झाला. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा संच आला. धूळ आत जाऊ नये म्हणून अखंड रबरी कीपॅड, दमट हवेत हातातून निसटू नये अशी खडबडीत कड आणि डोक्यावर विजेरी, अशी त्याची घडण होती. जगभर त्याचे २५ कोटींहून अधिक संच विकले गेले. पुढे मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये महिनाभर टिकणाऱ्या बॅटरीचा एक्स१आय हा फोन आणला. ग्रामीण महाराष्ट्रात तेव्हा रोज कित्येक तासांचे भारनियमन होते, त्यामुळे ‘चार्जिंग किती दिवस टिकते’ हा प्रश्न गिऱ्हाईक सर्वांत आधी विचारी. आजही तो प्रश्न योग्यच आहे. बॅटरी काढता येते का आणि त्याच जातीची बॅटरी गावच्या दुकानात मिळते का, हेही सोबत विचारावे. नोकियाची बीएल-५सी बॅटरी इतर अनेक कंपन्यांच्या फोनांत आणि छोट्या रेडिओंतही चालत असल्याने ती सहज मिळते.

खरी फसगत जाळ्यात होते. स्वस्त कीपॅड फोनांपैकी अनेक फक्त २जीवर चालतात. एअरटेल, व्होडाफोन आयडिया (वी) आणि बीएसएनएल यांच्या सिमवर ते चालतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओचे २जी जाळेच नसल्याने तिचे सिम त्यांत निरुपयोगी ठरते. उलट २०१७ चा जिओफोन आणि २०२३ चा ९९९ रुपयांचा जिओभारत हे ४जीवर चालतात, आवाज स्वच्छ येतो, पण त्यांत दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. उद्या घराजवळ जिओची रेंज गेली तर नंबर दुसरीकडे नेता येईल (ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे), मात्र संच बदलावा लागेल. नोकिया १०५ ४जीसारखे एकाच कंपनीचे कुलूप नसलेले ४जी संच थोडे महाग असले तरी या दोन्ही अडचणींतून सुटका करतात. आईवडिलांसाठी फोन घेताना हा जास्तीचा खर्च करणेच शहाणपणाचे.

आता रिचार्ज. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘आजीवन’ व्हॅलिडिटी विकली गेली. तिचा अर्थ कंपनीच्या परवान्याच्या मुदतीपर्यंत असा होता. २०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन आयडिया यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आवश्यक केला. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा अमर्याद बोलण्याचा प्राथमिक पॅक १९९ रुपयांचा झाला. वर्षाला असे तेरा रिचार्ज, म्हणजे २,५८७ रुपये. हजार-दीड हजाराच्या संचापेक्षा वर्षाचा रिचार्ज महाग, अशी तेव्हा स्थिती झाली. शिवाय त्या पॅकमधला डेटा कीपॅड फोनवाल्याच्या काही कामाचा नव्हता. केवळ ओटीपी आणि मुलाबाळांचे फोन घेण्यासाठी नंबर ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर हा भार अन्याय्य होता. २३ डिसेंबर २०२४ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) केवळ बोलणे व संदेश यांचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि मुदतीची मर्यादा ३६५ दिवसांपर्यंत वाढवली, ही त्यामुळेच महत्त्वाची घटना होय. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने असा वर्षाचा पॅक १,८४९ रुपयांना आणला. जिओभारतचा वार्षिक पॅक १,२३४ रुपयांचा होता. तुलना करताना संचाची किंमत व दोन वर्षांचे रिचार्ज यांची बेरीज मांडावी. दर सतत बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.

आणखी एक नियम गिऱ्हाइकांना क्वचितच ठाऊक असतो : ९० दिवस काहीच वापर झाला नाही तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि तेव्हा शिलकीत २० रुपये असल्यास ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढवावी लागते.

बटणे मोठी, अंक ठसठशीत आणि घंटी खणखणीत हवी. हे हातात घेऊन, कानाला लावूनच कळते. २०१८ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर सर्व २२ अनुसूचित भाषांतले संदेश वाचता येणे आवश्यक आहे. मराठी संदेशाच्या जागी चौकोन दिसत असतील तर तो जुना साठा समजावा. २०१७ पासून साध्या फोनांत ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यास संकटकाळी मदतीचा कॉल जाण्याची सोय सक्तीची आहे. विकत घेतानाच दुकानदाराकडून ते बटण कोणते ते विचारून घ्यावे. ८ मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ या सेवेमुळे इंटरनेटशिवाय, नुसत्या कॉलवरूनही पैसे पाठवता येतात. त्यासाठी बँक खात्याला जोडलेला नंबर चालू असावा लागतो.