ओतलं, ओढलं, ढकललं

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर माझी पद्मिनी बंद पडली. मागे हॉर्नचा गजर. बॉनेट उघडलं, रुमाल भिजवून फ्युएल पंपावर टाकला, दहा मिनिटं थांबलो आणि गाडी चालू झाली. ज्यांनी खंडाळ्याच्या घाटात फियाट चढवली आहे, त्यांना या ओल्या फडक्याची ओळख करून द्यायला नको. पण फडक्यावर किती दिवस काढायचे? नवा, सुधारित पंप घ्यायचं ठरवलं आणि त्या निमित्ताने पंपाचा इतिहास उलगडत गेला.

सुरुवातीच्या मोटारींत पंप नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ खडा असला, तर ते पोहोचत नसे, म्हणून लोक गाडी उलटी, रिव्हर्समध्ये चढवत. पुढे टाकी मागे गेली आणि पेट्रोल ओढून आणणारा पंप इंजिनावर बसला. आपले मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही. असे पंप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं हे नाव, आणि एसी ही अल्बर्ट चॅम्पियनची आद्याक्षरं.

हा पंप मोठा हुशार. इंजिन फिरलं की एक दांडी रबराचा पडदा खाली ओढते, पेट्रोल आत येतं, मग स्प्रिंग पडदा वर ढकलते. कार्ब्युरेटर भरला की पडदा खालीच थांबतो. जेवढी गरज, तेवढाच पुरवठा. आणि इंजिन थांबलं की पंपही थांबतो.

आपल्याकडे हा पंप घराघरांत पोहोचला, त्यात एका सोलापूरकराचा वाटा आहे. वालचंद हिराचंद यांनी 1940 च्या डिसेंबरात याच बंगळुरात म्हैसूर संस्थानाच्या साथीने हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली, ती आजची एचएएल. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट निघू लागली. 1974 मध्ये तिलाच पद्मिनी नाव मिळालं.

मग हा पंप मागे का पडला? ओढण्यात एक खोट आहे. ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात इंजिनाची धग लागली की पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि इंजिन उपाशी मरतं. मात्र पंप बदलण्याचं मोठं कारण वेगळंच होतं, ते म्हणजे धूर. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1999 मध्ये दिल्ली परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा बांधून दिल्या आणि कार्ब्युरेटरची सद्दी संपत आली. इंजेक्शनला साधारण 3 बार दाब लागतो. त्यासाठी विजेवरचा पंप थेट टाकीत गेला. आता पेट्रोल मागून ढकललं जातं आणि तेच पेट्रोल पंपाला थंडही ठेवतं.

जे. सी. रोडवरच्या दुकानदाराने मला इंजेक्शनचाच पंप पुढे केला. म्हणाला, "सर, जास्त प्रेशर, जास्त पॉवर." इथेच माणूस फसतो. कार्ब्युरेटरला 0.2 ते 0.3 बार पुरतो. दहापट दाब दिला तर त्याची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, ते वरून वाहतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. प्रवाहाचंही तसंच. 40 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला 12 ते 15 लिटर पितं. कमी दाबाचा साधा इलेक्ट्रिक पंप त्याला पुरून उरतो.

मी तोच घेतला. टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवला, त्याच्याआधी फिल्टर लावला. जुन्या पंपाच्या जागी पट्टी ठोकून भोक बंद केलं. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जुना पंप इंजिनाबरोबर थांबायचा, नवा थांबत नाही. अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल ओतत राहील. म्हणून ऑइलचा दाब गेला की वीज तोडणारा स्विच आणि धक्का बसला की वीज तोडणारा दुसरा स्विच, हे दोन्ही लावल्याशिवाय मी गाडी गॅरेजबाहेर काढली नाही. फौजेत एक सवय लागते: हत्यार हातात घेण्याआधी त्याचं सेफ्टी कॅच पाहायचं.

आणखी एक. 6 फेब्रुवारी 2023 रोजी पंतप्रधानांनी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल खुलं केलं, तेही इथेच, बंगळुरात. इथेनॉल जुनं रबर खातं. तेव्हा पंप घेताना तो इथेनॉल सोसणारा आहे का, हे विचारा आणि नळ्याही त्याच जातीच्या घाला. नवा पंप आणि जुनी नळी, म्हणजे नव्या घराला कुजकी तुळई.

त्याच 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. माझी अजून हेब्बाळचा फ्लायओव्हर चढते. रुमाल मात्र सवयीने जवळ ठेवतो. आता तो घाम पुसायला.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.